इस्फहानचे पूल आणि तापीचा काठ

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सुरतेला ताईकडे जाण्याचा योग आला. निघण्याच्या दोन दिवस आधी आमच्या स्टाफरूममध्ये कन्नड विभागातील एक स्नेही चहा घेता घेता म्हणाले, "सर, सुरतेला चाललाच आहात तर माझ्या एका प्रश्नाचे उत्तर घेऊन या." ते आपल्या याच अंकाच्या कन्नड विभागासाठी इक्केरीच्या नायकांवर लेख लिहीत होते, आणि त्यासाठी पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशाची पत्रे वाचत होते. हा गृहस्थ १६२३ साली गोव्याहून होनावर, गेरसप्पा असे करीत घाट चढून वेंकटप्पा नायकाच्या इक्केरीला गेला. पण त्याआधी तो त्याच वर्षी सुरतेस उतरला होता, आणि त्याच्याही आधी काही वर्षे इराणात, शहा अब्बासाच्या इस्फहान नगरीत राहिला होता. "इस्फहानच्या पुलाचे तो कौतुक करतो," माझे स्नेही म्हणाले. "सुरतेत तर इराणी माणसे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. सराई बांधली, मशिदी बांधल्या, कबरी बांधल्या. मग तापीवर तसला एक पूल बांधण्याचे कुणाच्या मनात कसे आले नाही?"

प्रश्न मला प्रथम पोरकट वाटला. गाडीत बसल्यावर तो वाटेना. इतिहास शिकविणाऱ्या माणसाला काय बांधले गेले ते सांगण्याची सवय असते; काय बांधले गेले नाही, याचा विचार तो फारसा करीत नाही.

मी इस्फहान पाहिलेले नाही हे आधीच सांगून टाकतो. जे काही लिहितो आहे ते प्रवाशांची वर्णने, नकाशे आणि छायाचित्रे यांच्या आधारे. सुरत मात्र डोळ्यांनी पाहून, आणि बरीचशी भाच्याच्या स्कूटरवर मागे बसून लिहितो आहे.

इस्फहान हे इराणच्या मध्यभागी, डोंगरांनी वेढलेल्या कोरड्या पठारावर वसलेले जुने शहर. शहा अब्बास पहिला याने १५९८च्या सुमारास आपली राजधानी तेथे हलविली आणि शहराची नवी आखणी केली. 'नक्श-ए-जहान' हे सुमारे ५६० मीटर लांब व १६० मीटर रुंद असे भव्य चौकाचे मैदान, त्याच्या एका बाजूस शाही मशीद, दुसऱ्या बाजूस राजवाडा, उत्तरेस बाजाराचे प्रवेशद्वार. आणि तेथून जवळच 'चहारबाग' हा झाडांच्या रांगांचा, पाण्याच्या पाटांचा लांबलचक राजरस्ता. हा रस्ता दक्षिणेकडे जातो आणि नदीपाशी येतो. मात्र तेथे तो थांबत नाही, पूल होऊन पलीकडे जातो. हा पूल बांधवून घेतला अल्लाहवर्दी खान या शहाच्या सेनापतीने, सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी. त्याला तेहतीस कमानी आहेत म्हणून लोक त्याला 'सी-ओ-से पोल' म्हणतात. 'सी' म्हणजे तीस, 'से' म्हणजे तीन, आणि 'पोल' म्हणजे आपला पूल. हा शब्द आपण फारसीतूनच घेतला आहे. तो एकटा आलेला नाही. इमारत, दरवाजा, सराई, हौद, घुमट, गिलावा, तावदान ही सारी मंडळी त्याच्याबरोबर आली. कन्नडमध्ये मात्र पुलाला 'सेतुवे' म्हणतात, म्हणजे संस्कृत 'सेतु'. या 'सेतु' शब्दाकडे पुढे यावयाचे आहे.

सी-ओ-से पोल सुमारे ३०० मीटर लांब आहे. मधून काफिल्यांचा रस्ता, आणि दोन्ही कडांना उंच भिंती. त्या भिंतींत कमानीदार सज्जे काढलेले. उंटांच्या आणि खेचरांच्या गर्दीतून बाजूला होऊन माणसाने सज्जात शिरावे, उन्हापासून सुटावे, खालच्या पाण्याकडे पाहत बसावे, अशी ही सोय. पाणी शिंपण्याचा एक जुना सण इराणात होता. आपल्या रंगपंचमीतून रंग काढून घेतले तर जे उरेल तसला. त्या दिवशी शहा अब्बास स्वतः या पुलावर येऊन बसे आणि खाली नदीत चाललेला धुडगूस पाही. देल्ला वाल्लेने हा सोहळा पाहिला होता.

पण माझे मन अधिक रमले ते तेथून थोड्या खालच्या अंगास असलेल्या 'खाजू' पुलात. हा १६५०च्या सुमारास शहा अब्बास दुसरा याच्या काळात बांधला गेला. लांबीने निम्म्याहूनही कमी, सुमारे १३३ मीटर. मध्यभागी राजाला बसण्यासाठी अष्टकोनी दालन, दुमजली कमानी, रंगीत फरशा. हे सारे छायाचित्रात दिसतेच. छायाचित्रात जे चटकन दिसत नाही ते असे की, हा पूल एका दगडी बंधाऱ्यावर उभा आहे. त्या बंधाऱ्यात अरुंद वाटा ठेवल्या आहेत. त्या वाटा फळ्या घालून बंद केल्या की वरच्या अंगास पाणी तुंबते, शेजारच्या बागांच्या पाटांना चढते, आसपासच्या विहिरींना पोहोचते. फळ्या काढल्या की पाणी मोकळे.

आपल्या भागातील वाचकांना याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. आपण याला 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतो. खांबांच्या खाचांत बरगे घालावयाचे, पावसाळ्याच्या तोंडी ते काढून घ्यावयाचे, पाऊस सरला की पुन्हा घालावयाचे. आणि वरून सायकल, बैलगाडी, ऊस नेणारा ट्रॅक्टर जावयाचा. तत्त्व तेच. फरक एवढाच की आपला बंधारा पाटबंधाऱ्याचा हिशेब म्हणून बांधला जातो आणि खाजूचा बंधारा बांधणाऱ्याला असे वाटले की, पाणी अडविलेच आहे तर माणसाने त्याच्याजवळ बसावे. म्हणून खालच्या अंगाला त्याने पायऱ्या काढल्या. पाणी त्या पायऱ्यांवरून, फटींतून आवाज करीत उतरते. वर कमानींची सावली. इस्फहानचे लोक संध्याकाळी या कमानींखाली जमून गातात, कारण तेथे आवाज घुमतो. मला तर वाटते, खाजू हा पूल नव्हेच. नदीला आडवा घातलेला घाट आहे तो. आपण घाट काठाने बांधतो. त्यांनी तो या तीरापासून त्या तीरापर्यंत नेला.

आणि येथेच तो 'सेतु' शब्द कामी येतो. संस्कृतात सेतु म्हणजे केवळ ओलांडण्याची वाट नव्हे. बांध, पाणी अडविणारा बंधारा, हाही त्याचा अर्थ आहे. इराणात ही कल्पना फार जुनी. दक्षिणेकडील शुश्तर गावी तिसऱ्या शतकातला एक 'बंद' आहे. रोमन बादशहा व्हॅलेरियन पकडला गेला तेव्हा त्याच्या कैदी सैनिकांकडून तो बांधवून घेतला असे सांगतात. तोही धरण आणि पूल एकत्रच होता. तेव्हा खाजूची कल्पना आभाळातून पडलेली नाही; फार तर असे म्हणावे की तेराशे-चौदाशे वर्षांच्या कारागिरीला इस्फहानात बसावयाला जागा मिळाली.

आता सुरत.

सुरतेच्या नावाने आपल्या मनात प्रथम उभी राहतात ती १६६४ आणि १६७० ही दोन वर्षे. शाळेपासून आपण ती तारीखवार शिकलो. पण महाराजांचे घोडे ज्या शहरात शिरले ते शहर कसे होते, याची चौकशी आपण क्वचितच करतो. ते नाना देशांच्या माणसांचे शहर होते. १६७०च्या ऑक्टोबरात मराठ्यांनी सुरतेवर दुसऱ्यांदा चाल केली तेव्हा 'नवी सराई' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागेत इराणी आणि तुर्की व्यापारी आपापला माल घेऊन बसले होते व त्यांनी झुंज दिली; दुसऱ्या एका सराईत काशगरचा पदच्युत राजा मक्केहून परतताना उतरला होता. एका बंदरात एका दिवशी किती देशांची माणसे असावीत!

आजही उभी असलेली मुघलसराई पाहावयास मी भाच्याबरोबर गेलो. ही १६४४ साली, शहाजहानच्या काळात, हक्कीकत खान या अधिकाऱ्याने बांधविली. सुरत बंदराचे उत्पन्न तेव्हा जहानआरा बेगमेकडे होते आणि हक्कीकत खान तिच्या कारभाऱ्यांपैकी. त्याचे मूळ नाव इसहाक बेग यज्दी. 'यज्दी' म्हणजे यज्द गावचा. हे यज्द इस्फहानच्या आग्नेयेस, वाळवंटाच्या काठावर आहे. मक्केला जाणारे यात्रेकरू जहाजाची वाट पाहत सुरतेत थांबत, त्यांच्यासाठी ही सराई. मोठी कमानीची देवडी, आत प्रशस्त चौक आणि चौकाभोवती खोल्या: इराणी काफिलासराईची मांडणी, वाळवंटाऐवजी बंदरात. पुढे तेथे तुरुंग झाला, आणि १८६७पासून नगरपालिकेची कचेरी. भाचा म्हणाला, "मामा, मी इथे दहा वेळा आलोय, पण पाणीपट्टी भरायला." मी त्याला देवडीवरचा फारसी लेख दाखविला. तो मान वर करून बराच वेळ पाहत राहिला.

तेथून कतारगाम दरवाजाकडे. इंग्रज, डच आणि आर्मेनियन यांच्या जुन्या दफनभूमी या बाजूस आहेत. इंग्रज आणि डचांच्या कबरी पाहून प्रथमदर्शनी हसू येते: घुमट, कमानी, छत्र्या, जणू कुणी मुसलमान सरदारच आत निजला आहे. १६६४ साली सुरतेच्या वखारीचा प्रमुख असलेला जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ साली वारला, तो येथेच. 'हॉर्तुस मलबारिकुस' हा मलबारच्या वनस्पतींवरचा प्रचंड ग्रंथ सिद्ध करविणारा डच अधिकारी व्हान रेडे १६९१ साली गेला, त्याची तर केवढी तरी दुमजली घुमटाकार इमारत. मोठेपणा दाखवावयाचा तर तो इराणी-मोगली घाटाच्या बांधणीत, हे त्या काळी सुरतेत परक्यांनाही पटलेले होते असे दिसते.

शेजारच्या आर्मेनियनांनी असे काही केले नाही. त्यांचे दगड जमिनीलगत, आडवे, त्यांवर त्यांच्या लिपीतील बारीक अक्षरे. आणि गंमत अशी की इस्फहानशी सर्वांत जवळचे नाते याच दगडांचे आहे. शहा अब्बासाने १६०४-०५ साली उत्तरेकडील जुल्फा गावच्या हजारो आर्मेनियनांना सक्तीने उठवून इस्फहानला आणले आणि नदीच्या दक्षिण तीरावर वसविले. तीच 'नवी जुल्फा'. रेशमाचा व्यापार ज्यांच्या हाती होता त्या लोकांना त्याने आपल्या दाराशी आणून बसविले. गावाची राख केली आणि नव्या गावात चर्च बांधण्याची मुभा दिली. राजे लोकांचे प्रेम असेच असते. नदीच्या अलीकडे शहर, पलीकडे हे व्यापारी. मध्ये अल्लाहवर्दी खानाचा पूल. त्याला 'जुल्फाचा पूल' असेही म्हणत. या पुलावरून निघालेला माल शिराझमार्गे बंदर अब्बासला जाई, तेथून जहाजाने सुरतेस. होव्हानेस नावाच्या एका जुल्फाकर व्यापाऱ्याची हिशेबाची वही शिल्लक आहे. १६८२ साली तो नव्या जुल्फातून निघाला, सुरतेला आला, आग्र्याच्या बाजूस जाऊन त्याने नीळ व कापड खरेदी केले, आणि पुढे थेट ल्हासाला जाऊन काही वर्षे राहिला. हिशेब मात्र शेवटपर्यंत मालकाच्या नावे लिहिला. नव्या जुल्फातील वांक कॅथीड्रल १६६४ साली पूर्ण झाले, बाहेरून मशिदीसारखा घुमट आणि आत येशूचे चित्रमय चरित्र. १६६४! इकडे आपण कोणत्या साली कोठे होतो ते वाचकांना सांगावयास नको.

सुरतेच्या या दफनभूमीतील एका स्त्रीचा दगड तर नव्या जुल्फाहूनही जुना. मेस्रोव्ब सेठ या आर्मेनियन इतिहासकाराने नोंदविलेली ही मारिनास, वोस्कान नावाच्या धर्मोपदेशकाची बायको, १५७९ साली येथे वारली. मला देल्ला वाल्ले आठवला. त्याची तरुण पत्नी मानी इराणच्या किनाऱ्याजवळ १६२१च्या अखेरीस वारली. तिला परक्या मातीत ठेवावयास तो तयार होईना. तिचे शव मसाले भरून, पेटीत घालून त्याने बरोबर घेतले. ती पेटी सुरतेस उतरली, गोव्यास गेली आणि शेवटी १६२६ साली रोमला पोहोचली. सुरतेतील गोपीतळ्याचे, त्याच्या दगडी पायऱ्यांचे त्याने वर्णन केले आहे, ते वाचताना ही पेटी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

असो. प्रश्न पुलाचा होता.

इतकी माणसे, इतका पैसा, इतके जाणते हात, आणि तापीवर पूल नाही. रांदेर तर समोरच्या तीरावर. सुरतेहून जुने बंदर. जाणे-येणे होडीने. कारागिरी नव्हती म्हणावे तर जौनपूरला गोमतीवर अकबराच्या काळातला, छत्र्यांनी सजलेला दगडी पूल आहे. हैदराबादेत मुशीवर १५७८ सालचा पुराना पूल आहे. सुरतेचा किल्ला १५४०च्या दशकातला. त्याचे दगड लोखंडी आकड्यांनी जोडून सांध्यांत शिसे ओतले, असे जुन्या तवारिखांत लिहिले आहे. जे दगडांत शिसे ओतत होते त्यांना कमान बांधता येत नव्हती काय?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी किल्ल्याजवळ नदीकाठी जाऊन उभा राहिलो आणि उत्तर समोरून वाहत आले. शब्दशः. नदी उलटी वाहत होती! भरतीचे पाणी समुद्राकडून वर चढत होते. तापी मुलताईला उगम पावून, बऱ्हाणपूर, भुसावळ करीत ७२४ किलोमीटर येते आणि सुरतेपाशी समुद्राच्या श्वासावर चालू लागते. दिवसातून दोनदा वर, दोनदा खाली. तळाशी खोल गाळ. पावसाळ्यात सातपुड्याचे आणि खानदेशचे सारे पाणी एका दमात. इस्फहानची जायंदेरूद झाग्रोस पर्वताच्या बर्फावर वाढते, पठारावरून उथळ, पसरट वाहते आणि समुद्राला कधीच मिळत नाही. चारशेक किलोमीटर चालून गावखूनी नावाच्या खाऱ्या दलदलीत जिरून जाते. तिच्यावर जहाज नाही, भरती नाही. तेथे बुटक्या, जवळजवळ उभ्या केलेल्या खांबांचा पूल शोभतो, टिकतो. तसला पूल तापीत घातला तर पहिल्या मोठ्या पुराला ते खांब धरणासारखे आडवे येणार. शिवाय सुरतेची मोठी जहाजे सुवाळीच्या खाडीत थांबत, पण लहान गलबते, मचवे माल घेऊन किल्ल्याखालच्या धक्क्यापर्यंत येत. त्या गलबतांवर शहर जगत होते. पूल म्हणजे त्यांच्या डोलकाठ्यांना अडसर. इस्फहानच्या माणसाला नदी ओलांडावयाची होती. सुरतेच्या माणसाला नदीवरूनच जावयाचे होते. सुरतेत त्याने पूल बांधला नाही, कारण त्याला नदी कळत होती.

मग पूल आला कधी? १८७७ साली, होप साहेबाच्या नावाचा. थिओडोर होप हा सुरतेचा एके काळचा कलेक्टर. तोवर दोन गोष्टी घडून गेल्या होत्या. व्यापार केव्हाच मुंबईस गेला होता, म्हणजे अडसर होईल अशी गलबते उरली नव्हती. आणि पोकळ लोखंडी नळकांडी गाळात खोल उतरवून आत काँक्रीट भरण्याचे तंत्र निघाले होते, त्यामुळे थोड्या खांबांवर लांब पल्ल्याचे लोखंडी पूल घालता येऊ लागले. सुरतेला पूल मिळाला तो तिचे बंदर गेल्यावर. होप पुलावरून आता वाहने जात नाहीत. त्याच्या लगतच्या विवेकानंद पुलाने ते काम घेतले आहे. आणि पुलांची संख्या म्हणाल तर नदीवर, खाड्यांवर, रस्त्यांवर मिळून सुरतेत आज शंभराहून अधिक पूल आहेत. २०१८ साली तापीवर तारांनी पेललेला एक पूल झाला. रात्री दिव्यांनी फारच सुरेख दिसतो.

हे सर्व मी रात्री जेवताना ताईला उत्साहाने सांगत होतो. ती पोळ्या वाढता वाढता म्हणाली, "पूल बघितलास, आता भिंत बघ." स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर, माझ्या छातीच्याही वर, एक पेन्सिलीची रेघ होती. २००६चा ऑगस्ट. उकाईचे धरण १९७२चे, सुरतेपासून सुमारे शंभर किलोमीटर वर. वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला, धरण भरत आले आणि पाणी सोडावे लागले. नऊ लाख क्युसेकच्या घरात. त्यातच समुद्राची भरती. ७ ऑगस्टपासून तीन-चार दिवस शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली होता. ताई, भावजी आणि तेव्हा शाळेत असलेला भाचा वरच्या शेजाऱ्यांकडे, नंतर गच्चीवर. प्यायला पाणी नाही आणि खाली जिकडेतिकडे पाणीच. माझ्या एम. ए.च्या टिपणांची ट्रंक मी ताईकडे ठेवली होती, ती त्यात गेली. पुढे घराला तीनदा रंग दिला, पण त्या रेघेवर ताई ब्रश फिरवू देत नाही.

इस्फहानचे पूल पाहताना मी पाण्याला किती सभ्य समजत होतो, ते त्या चौकटीपाशी माझ्या ध्यानात आले.

भाच्याने मग आपल्या मोबाईलवर खाजू पूल काढला. मला वाटले होते कमानींचे प्रतिबिंब दिसेल. दिसली ती भेगाळलेली माती. गेली वीस-पंचवीस वर्षे जायंदेरूद शहरात वर्षातले पुष्कळ दिवस कोरडी असते. वर १९७०च्या सुमारास धरण झाले, आणि त्यावर कारखाने, शेती, वाढती शहरे यांच्या मागण्या, त्यात अवर्षण. या नदीचे पाणी नळाने यज्दलाही नेले आहे. होय, इसहाक बेगाच्या यज्दला. इस्फहानच्या शेतकऱ्यांनी तो नळ एकाहून अधिक वेळा फोडला. २०२१च्या नोव्हेंबरात हजारो लोक खाजूजवळ कोरड्या पात्रात उतरून पाणी मागत उभे राहिले. पाणी नाही म्हणून शहराखालची जमीन खचते आहे आणि जुन्या इमारतींबरोबर पुलांनाही धोका आहे, असे तेथील तज्ज्ञ सांगतात. म्हादईच्या पाण्यावरून भांडणे ऐकत वाढलेल्या आपल्या भागातील विद्यार्थ्यांना हे फार दूरचे वाटू नये. यज्दकरांनाही तहान आहेच.

ताईने फोन हातात घेऊन ते चित्र डोळ्यांजवळ नेले. "एवढा मोठा पूल," ती म्हणाली, "आणि खाली मुलं क्रिकेट खेळताहेत की काय?"

परत निघण्याच्या दिवशी सकाळी भाचा म्हणाला, "मामा, तुम्हाला एक दाखवायचं राहिलं." त्याने मला सिंगणपोरच्या कॉजवेवर नेले. सुरतकर त्याला 'कॉजवे' एवढेच म्हणतात. १९९५ साली महानगरपालिकेने सिंगणपोर ते रांदेर असा तापीवर बंधारा घातला, वरून रस्ता. उद्देश असा की, समुद्राचे खारे पाणी वर चढू नये आणि वरचे गोडे पाणी शहराच्या पिण्यासाठी साठून राहावे. पावसाळ्यात नदी वाढून रस्त्यापर्यंत आली की वाहतूक बंद करतात.

मी मध्यावर स्कूटर थांबवावयास लावली. एका बाजूला गोडे पाणी, स्थिर, त्यावर जलपर्णीचे हिरवे तुकडे. दुसऱ्या बाजूला, बऱ्याच खाली, ओहोटी लागलेले खारे पात्र, चिखलात बगळे. एका नदीच्या दोन नद्या. आणि त्या दोहोंमध्ये आम्ही, वाट आणि बंधारा एकच असलेल्या जागी. माझ्या कन्नड स्नेह्यांना हवा असलेला पूल सुरतेने बांधला होता, साडेतीनशे वर्षे उशिरा आणि कमानींवाचून. रंगीत फरशा नाहीत, राजाचे दालन नाही, बसावयास पायरी नाही. तरी कठड्याला टेकून पाचसहा माणसे उभी होती. एक म्हातारा गृहस्थ पिशवीतून कणकेच्या गोळ्या काढून माशांना टाकीत होता. त्याच्या शेजारी एक बाई लहान मुलाला उचलून पाणी दाखवीत होती.

मी वहीत काही टिपून घेत होतो, तोच मागून शिटी वाजली. खाकी कपड्यांतला एक माणूस हातातली काठी हलवून, उभे राहू नका, पुढे चला, असे सांगत होता. म्हाताऱ्याने उरलेल्या गोळ्या एकदम पाण्यात टाकल्या. भाच्याने स्कूटर सुरू केली आणि आम्ही रांदेरच्या बाजूस उतरलो.